घरातला जुना नाणी-नोटांचा संग्रह विकायचाय? आधी हे करा

मराठवाड्यातल्या जुन्या घरात लोखंडी पेटी उघडली की साधारण ठरलेला ऐवज निघतो. चारमिनारचे निजामी रुपये, राणीछाप आणि राजाछाप रुपये, भोकाचे पैसे, ढब्बू पैशांची थैली, वहीत चिकटवलेली तिकिटं, क्वचित निजामी नोटा आणि उर्दूतल्या कागदांचा गठ्ठा. वडिलांनी किंवा आजोबांनी तीस-चाळीस वर्षं जपलेलं असतं, आणि आता ते विकायची वेळ आलेली असते. अशा वेळी माणसं दोन टोकांच्या चुका करतात. काही जण सगळी पेटी सराफाच्या काट्यावर वजनाने घालतात. काही जण मोबाइलवर पाहिलेला लाखांचा आकडा डोक्यात धरून बसतात आणि दहा वर्षं काहीच विकत नाहीत. खरा भाव या दोन्हींच्या मध्ये असतो आणि तो काढता येतो. त्यासाठी पंधरा दिवस, एक वही आणि हजार-दीड हजार रुपयांची साधनं लागतात.

पहिलं काम: काहीही घासू नका

चिंच, लिंबू, राख, भांड्यांची पावडर, टूथपेस्ट, यांपैकी काहीही नाण्याला लावायचं नाही. नाणं टांकसाळीत छापताना धातू दाबाखाली सरकतो आणि पृष्ठभागावर अतिशय बारीक रेषा उमटतात. नाणं उजेडात फिरवलं की जी झळाळी गोल फिरते, ती या रेषांची असते. एकदा घासलं की त्या कायमच्या जातात. मग नाणं पांढरंशुभ्र दिसतं, पण संग्राहकाच्या दृष्टीने ते मेलेलं असतं. काळसर-निळसर चढलेला रंग हा दोष नाही. अनेक जण त्यालाच जास्त पैसे देतात. धूळ असेल तर मऊ ब्रशने हलकेच झटका आणि नाणं नेहमी कडेने धरा.

नोटांना इस्त्री करायची नाही, लॅमिनेट करायचं नाही, फाटलेल्या जागी सेलोटेप लावायचा नाही. टेपचा चिकट थर कागदात उतरतो आणि पिवळा डाग कायम राहतो. पाकिटावरची तिकिटं पाण्यात भिजवून काढू नका. पाकीट, तिकीट आणि जालना, परभणी, नांदेड असा वाचता येणारा पोस्टाचा शिक्का हे तिन्ही एकत्र असतील तर त्याची किंमत सुट्या तिकिटापेक्षा बहुतेक वेळा जास्त येते.

नाणी स्वस्त, मऊ प्लॅस्टिकच्या अल्बममध्ये असतील तर त्यांच्यावर हिरवट चिकट थर आलाय का ते पाहा. ते प्लॅस्टिक मराठवाड्याच्या उन्हाळ्यात विरघळू लागतं आणि धातू खातं. अशी नाणी लगेच बाहेर काढून कोऱ्या कागदी पाकिटात ठेवा. थर खरवडू नका, तो जाणकाराकडून काढून घ्या.

जे विकायचंच नाही ते आधी बाजूला

भाव पाहण्याआधी हे करावं लागतं, कारण यातल्या काही वस्तू विकणं गुन्हा आहे आणि काही विकल्या की घराचं कायमचं नुकसान होतं.

उर्दू किंवा मोडीतले कागद, निजामी मुद्रांक, पाहणी पत्रकं, वाटणीपत्रं, शाळेचे दाखले यांना हात लावू नका. १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक आजही जमिनीच्या वादात काढलं जातं. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला सुरुवात केल्यावर निजामकाळातल्या कागदांचं मोल किती आहे ते घरोघरी कळलं. मुद्रांकावरच्या छापासाठी व्यापारी शंभर-दोनशे रुपये देईल, पण त्यावरची नोंद पुन्हा मिळणार नाही. उर्दू वाचणाऱ्या माणसाकडून प्रत्येक कागद वाचून घ्या, स्कॅन करा, मगच ठरवा. या कागदांवरचं साल बहुधा फसली, म्हणजे महसुली कालगणनेचं असतं. हैदराबादी फसलीत ५९० मिळवले की इसवी सन मिळतो. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८, हैदराबाद संस्थान भारतात आणणाऱ्या पोलीस ॲक्शनचं वर्ष. हैदराबाद मुक्तिसंग्रामाची पत्रकं, तुरुंगातली पत्रं, स्वातंत्र्यसैनिकांच्या नोंदी निघाल्या तर त्या सुट्या करून विकू नयेत. अभिलेखागार किंवा विद्यापीठातल्या इतिहास विभागाला आधी दाखवाव्यात.

शेतात सापडलेली नाणी हा वेगळा विषय. पैठण, तेर, भोकरदन भागात पावसाळ्यानंतर सातवाहन काळातली शिशाची, तांब्याची नाणी वर येतात आणि फिरते व्यापारी ती मुठीने गोळा करतात. जमिनीत सापडलेलं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. शंभर वर्षांपेक्षा जुनी नाणी, मूर्ती, शिल्पं १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतात. घरातली वारसाने आलेली नाणी बाळगायला वा देशात विकायला तुम्हाला अडचण येत नाही, पण ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत. परदेशी ग्राहकाने चांगला भाव देऊ केला तरी शंभरीपार नाणं पार्सलने पाठवू नका. दगडी, धातूच्या जुन्या मूर्ती आणि जुनी चित्रं, पोथ्या यांची पुरातत्त्व खात्याकडे नोंदणी लागते. नोंदणी पाहिल्याशिवाय त्यांचा व्यवहार करू नका.

हस्तिदंत, सांबरशिंगं, कातडी यांची विक्री वन्यजीव कायद्याने बंद आहे. वाड्याच्या दिवाणखान्यात पिढ्यान्‌पिढ्या टांगलेलं शिंग असलं तरी सुटका नाही. तलवारी, जंबिये असतील तर आधी पोलीस ठाण्यात चौकशी करा.

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. नोव्हेंबर २०१६ मध्ये बंद झालेल्या पाचशे-हजाराच्या नोटा आठवण म्हणून दहापर्यंतच ठेवता येतात, नाण्या-नोटांच्या अभ्यासासाठी पंचवीसपर्यंत. २०१७ च्या कायद्याने त्यापेक्षा जास्त बाळगणं दंडनीय आहे. पेटीत जुनी बंडलं निघाली तर ती विकायला काढू नका, वकिलाला विचारा.

आता ज्यांना भाव नाही अशा वस्तू. १८१८ साल छापलेले रामदरबाराचे, हनुमानाचे 'ईस्ट इंडिया कंपनी'चे शिक्के कंपनीने कधी काढलेच नव्हते. ते नंतरच्या काळात बनवलेले धार्मिक टोकन आहेत. 'तांदूळ ओढणारं नाणं' ही तर निव्वळ फसवणूक आहे, आणि मराठवाड्यात त्यापायी शेती विकलेली माणसं आहेत. वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं, ट्रॅक्टरची पाचाची नोट, १९८५ चं एक रुपयाचं नाणं लाखात जात नाहीत. ७८६ क्रमांकाच्या नोटेला थोडा जादा भाव मिळतो, तोही नोट कोरी असेल तर.

साधनं आणि वही

०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा, व्हर्निअर कॅलिपर, दहापट दाखवणारं भिंग आणि एक चुंबक, एवढं पुरतं. वहीत प्रत्येक नगाला क्रमांक द्या. पुढे रकाने आखा: वस्तू, साल, धातू, वजन, व्यास, अवस्था, दोष, कुठून आलं, अपेक्षित भाव, विकलेला भाव. एकसारखी चाळीस नाणी असतील तर चाळीस ओळी लिहायची गरज नाही. 'तांब्याचा पाव आणा, १९३०-४०, ४० नग' एवढं पुरे. पण चांदीचं प्रत्येक नाणं वेगळं लिहा.

फोटो सकाळी खिडकीपाशी, फ्लॅशविना, दोन्ही बाजूंचे काढा. कडेचा एक फोटो घ्या. ही वही आणि फोटो म्हणजे तुमची पावती. पेटी कुणाच्याही हाती देण्याआधी ते पूर्ण झालेले हवेत.

ओळख: निजामी आणि इंग्रजी

हैदराबाद संस्थानाचं स्वतःचं चलन होतं, हाली शिक्का. १९४८ नंतरही ते भारतीय रुपयाच्या बरोबरीने काही वर्षं चाललं आणि १९५९ मध्ये पूर्ण बंद झालं. म्हणूनच आपल्याकडे ते इतक्या घरांत आहे, आणि त्याच कारणाने साध्या निजामी रुपयाला दुर्मीळ म्हणता येत नाही.

चारमिनारचं चित्र असलेला यंत्रावर पाडलेला रुपया सहावे निजाम महबूब अली खान यांच्या काळात आला. त्याच्या मधल्या कमानीत 'मीम' (م) हे अक्षर असतं. त्यांच्यानंतरचे निजाम उस्मान अली खान यांच्या नाण्यावर त्या जागी 'ऐन' (ع) असतं. भिंगाखाली आधी हे अक्षर पाहा, कारण दोघांच्या नाण्यांचे भाव वेगळे आहेत. चारमिनारच्या आधीचे हाताने पाडलेले रुपये जाड, वेडेवाकडे असतात आणि मजकूर अर्धाच उमटलेला असतो. त्यांवर ९२ हा आकडा दिसतो. ते तुटके समजून बाजूला टाकू नका.

नाण्यावरचं साल हिजरी असतं. आकडे डावीकडून उजवीकडेच वाचायचे. उभी रेघ म्हणजे एक, वरच्या बाजूला एक खाच असेल तर दोन, दोन खाचा असतील तर तीन. वर उघडा कोन म्हणजे सात, खाली उघडा म्हणजे आठ, नुसता ठिपका म्हणजे शून्य, आणि बदामासारखा बंद आकार म्हणजे पाच. पाचाला शून्य समजणं ही नेहमीची चूक आहे. हिजरी सालाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा. १३४३ × ०.९७ = १३०३, अधिक ६२२, म्हणजे १९२५ च्या आसपास. नाण्यावर हिजरी आणि कागदावर फसली, हे पक्कं लक्षात ठेवा. दोन्हींची सालं तेराशेतलीच दिसत असल्याने घोळ होतो.

इंग्रजी रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम आणि त्यात चांदी ९१.७ टक्के. म्हणूनच जुन्या माणसांचा 'रुपयाभार' म्हणजे एक तोळा. निजामी रुपया मात्र ११.१८ ग्रॅमचा आणि चांदी ८१.८ टक्के. दोन्ही एकाच भावाने रुपयाभार मोजले की हिशेब चुकतो. १९४० ते १९४५ च्या इंग्रजी रुपयात चांदी निम्मीच आहे. १९४२ च्या आसपासपासूनच्या निजामी रुपयातही तेच. १९४७ चा रुपया निकेलचा आहे, चुंबकाला चिकटतो, त्यात चांदी नाही. १९४७ चा वाघाचा रुपया 'चांदीचा' म्हणून विकायला निघालेली माणसं अजून भेटतात. १९६९ चा गांधीजींचा दहा रुपये १५ ग्रॅमचा, ८० टक्के चांदीचा आहे.

ज्या सालांना खरोखर मागणी आहे त्यांत १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया येतो. राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, नाणी परत घेऊन बरीचशी वितळवली गेली आणि पुढे सोंड बदलली. १९३९ चा रुपया त्याहून कितीतरी दुर्मीळ, आणि तितकाच बनावट. दुसऱ्या सालाच्या आकड्यावर कोरून नऊ केलेली नाणी बाजारात भरपूर आहेत. तुमच्याकडे १९३९ निघाला तर आनंद करण्याआधी भिंगाखाली शेवटच्या आकड्याभोवतीचा धातू पाहा. खरवडल्याच्या खुणा किंवा रंगातला फरक असला तर तो बदललेला आहे. ओतीव बनावट नाण्यात अक्षरं साबणासारखी गुळगुळीत असतात, कडेला जोडाची बारीक रेघ दिसते आणि वजन दोन-तीन दशांश ग्रॅमने चुकतं. खरं निजामी नाणं कसं दिसतं ते डोळ्यांत बसवायचं असेल तर हैदराबादला सैफाबाद टांकसाळीचं संग्रहालय पाहून या.

कडी लावलेले, भोक पाडलेले रुपये बाजूला काढा. लमाणांच्या दागिन्यांत रुपये ओवलेले असतात. डाख लागला की नाण्याचा संग्राहक-भाव संपतो, उरते चांदी. अखंड जुना दागिना मात्र सुटी नाणी काढून विकू नका. दागिना म्हणून त्याला वेगळा ग्राहक आहे.

नोटा आणि तिकिटं

निजामी नोटांवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू, कन्नडमध्येही रक्कम छापलेली असते. एक, पाच, दहा, शंभर आणि हजार अशा नोटा निघाल्या. मोठ्या रकमेच्या नोटा फार कमी टिकल्या, त्यामुळे शंभराची निजामी नोट घरात निघाली तर स्थानिक व्यापाऱ्याला दाखवण्याआधी लिलाव संस्थेला फोटो पाठवा. नोटेच्या भावात घडी हाच मुख्य मुद्दा. ती उजेडासमोर आडवी धरा. मधोमध एक घडी, चार घड्या, टाचणीची भोकं, तुटलेला कोपरा, शाईचा आकडा, सगळं वहीत लिहा. बंडलाच्या तारेची दोन भोकं जुन्या नोटांना असतातच, त्याने फार बिघडत नाही.

तिकिटांबाबत मन घट्ट करा. १९७० नंतरची स्मारक तिकिटं आणि प्रथम दिवस पाकिटं लाखोंनी छापली गेली आणि हजारो घरांत जपलीही गेली, म्हणून त्यांना मागणी नाही. अल्बमभर तिकिटांना काही शे रुपये सांगितले तर तो अपमान नाही. पाहण्यासारखं वेगळं असतं: हैदराबाद संस्थानाची जुनी तिकिटं, १९३१ च्या मालिकेतली अजिंठ्याच्या लेण्यांचं प्रवेशद्वार आणि दौलताबादचा मिनार असलेली उंच किमतीची तिकिटं, आणि १५ ऑगस्ट १९४८ चा गांधीजींचा दहा रुपयांचा तिकीट. या गांधी तिकिटाचेही बनावट नग फिरतात. तिकीट कोरं असेल तर मागचा गोंद शाबूत आहे का पाहा. पावसाळ्यात गोंद अल्बमच्या पानाला चिकटतो. ते ओढून काढलं की भाव निम्म्याखाली येतो.

सिनेमाची पोस्टरं, काडेपेट्यांचे छाप, क्रिकेटच्या सह्या हा वेगळा बाजार आहे. पोस्टरमध्ये मूळ छपाई की नंतरची प्रत हाच प्रश्न. सहीला पुरावा नसेल तर ग्राहक ती नसल्यासारखीच धरतो.

भाव कसा काढायचा

वस्तूचा भाव म्हणजे त्याच सालाची, त्याच अवस्थेची वस्तू गेल्या वर्ष-दोन वर्षांत प्रत्यक्ष किती रुपयांना गेली तो आकडा. संकेतस्थळावर कुणी मागितलेला आकडा हा भाव नाही. तिथे पाच हजाराचं नाणं पाच लाखाला टांगलेलं असतं आणि वर्षानुवर्षं तसंच राहतं. मुंबईच्या तोडीवाला, बंगळुरूच्या मरुधर, अहमदाबादच्या क्लासिकल न्यूमिस्मॅटिक गॅलरी अशा लिलाव संस्था विकल्या गेलेल्या भावांच्या याद्या देतात. त्यांतून आपल्या नाण्याचे किमान चार-पाच निकाल शोधा, सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा सोडा, उरलेल्यांकडे पाहा.

अवस्था ओळखताना सगळ्यात उंच भाग पाहा, झीज तिथेच सुरू होते. राजाच्या नाण्यावर भुवई, मिशी, झग्यावरचा हत्ती. निजामी नाण्यावर मिनारांची टोकं आणि कमानीच्या कडा. हत्तीचा आकारच दिसत नसेल तर नाणं सामान्य. सगळ्या रेषा दिसतात पण उंच भाग सपाट झालेत, तर बरं. झळाळी टिकून आहे आणि झीज शोधावी लागते, तर उत्तम. एकाच सालाच्या सामान्य आणि उत्तम नाण्यात पाचपट-दहापट फरक पडू शकतो. आपलं नाणं पाहताना प्रत्येक जण एक पायरी वर चढवतो. म्हणून तुम्ही ठरवलेल्या अवस्थेपेक्षा एक पायरी खालचा भाव धरा, म्हणजे ग्राहकाशी बोलताना धक्का बसणार नाही.

आता हिशेब. समजा पेटीत पंचम जॉर्जचे ६० साधे रुपये, २५ साधे निजामी, ८ कडीचे इंग्रजी आणि ५ चांगल्या अवस्थेतले मागणीचे रुपये आहेत. आकडेमोड सोपी व्हावी म्हणून शुद्ध चांदी ग्रॅमला १०० रुपये धरू. तुम्ही त्या दिवशीचा दर घाला.

इंग्रजी रुपयात शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम, म्हणजे ६० × १०.६९ = ६४१.४ ग्रॅम, ६४,१४० रुपये. निजामीत ९.१४ ग्रॅम, २५ नगांचे २२८.५ ग्रॅम, २२,८५० रुपये. कडीचे आठ, सुमारे ८,५५० रुपये. एकूण ९५,५४०. सराफाने ८ टक्के घट धरली तर हातात सुमारे ८७,९०० येतात. हा तळ आहे, याच्याखाली कुणालाही द्यायचं नाही. सराफाने टंच काढायला कानस लावू नये. कसोटीवर घासण्याऐवजी मशीनवर तपासायला सांगा, आता बहुतेक सराफा बाजारांत ते मिळतं.

पाच चांगले रुपये लिलावात प्रत्येकी ३,००० ला जातील असं मागच्या निकालांवरून दिसतंय, असं धरू. १५,००० झाले. विक्रेत्याकडून १२ टक्के कमिशन १,८००, त्यावर १८ टक्के जीएसटी ३२४, कुरिअर आणि विमा ६००. हातात १२,२७६. तेच पाच नाणी व्यापाऱ्याला आजच दिली तर तो साठ टक्क्यांच्या आसपास देईल, म्हणजे ९,०००. त्याला दुकान चालवायचं आहे, माल महिनोन्‌महिने अडकतो, त्यामुळे निम्मे ते सत्तर टक्के ही त्याची रास्त बोली मानावी. फरक सव्वातीन हजारांचा, आणि त्यासाठी चार-सहा महिने थांबायचं. पाच नाण्यांसाठी ते परवडेलच असं नाही. पन्नास हजारांच्या एका नाण्यासाठी नक्की परवडतं. म्हणून एकाच पेटीला तीन वाटा असतात: चांदी सराफाकडे, मधला माल व्यापाऱ्याकडे किंवा प्रदर्शनात, आणि मोजके नग लिलावात.

तांब्याचे चाळीस सारखे पैसे असतील तर एका नगाचा भाव गुणिले चाळीस धरू नका. दोन-चार नग पूर्ण भावाने जातात, बाकीचे ठोकात. आणि वडिलांनी त्या काळी किती दिले, किती वर्षं जपलं, हे ग्राहकाच्या हिशेबात येत नाही. ते तुमच्याही वहीत भावाच्या रकान्यात येऊ देऊ नका. 'कुठून आलं' या रकान्यात लिहा, तिथे त्याला खरंच मोल आहे.

कुठे विकायचं

निजामी मालाला सर्वांत जाणता ग्राहक हैदराबादला आहे. नांदेड, परभणीकडच्या लोकांना तर मुंबईपेक्षा तेच जवळ. नमुन्यादाखल पाच-सहा नग आणि सगळ्यांचे फोटो घेऊन जा, पेटी घरीच ठेवा. इंग्रजी नाणी, प्रजासत्ताकाची नाणी आणि नोटांसाठी पुण्याचं कॉइनेक्ससारखं प्रदर्शन बरं. एका छताखाली पन्नास व्यापारी असतात, त्यामुळे तासाभरात चार बोल्या कळतात. पहिल्या दिवशी फक्त विचारा आणि लिहून घ्या, दुसऱ्या दिवशी विका.

लिलाव संस्थेला देताना लेखी विचारा: कमिशन किती, फोटोचे वेगळे पैसे आहेत का, राखीव किंमत (जिच्याखाली वस्तू विकायची नाही ती) ठेवता येते का, न विकल्यास परतीचा खर्च कुणाचा, पैसे किती दिवसांत. राखीव किंमत फार वर ठेवली की वस्तू पडून राहते आणि पुढच्या लिलावात तीच पुन्हा दिसली की ग्राहक सावध होतात. महागड्या नाण्याला प्रमाणित करून प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून घेता येतं, पण त्याचा खर्च नगाला काही हजारांत जातो. वीस हजारांखालच्या नाण्याला तो सहसा परवडत नाही.

ऑनलाइन विकताना ठगांची पद्धत ठरलेली आहे. तुमच्या फोटोला लगेच मोठी बोली येते, मग 'नोंदणी फी', 'जीएसटी', 'रिझर्व्ह बँकेचं प्रमाणपत्र' यासाठी पैसे मागतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच स्पष्ट केलं आहे की ती जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारात नाही आणि कुणाला फी गोळा करायला सांगितलेलं नाही. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, पिन टाकावा लागत नाही. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

सौदा

घरी येणारा ग्राहक पेटी पाहून 'हे पाच द्या' म्हणतो. ते पाच म्हणजे पेटीची साय असते, आणि साय गेल्यावर बाकीच्याला ग्राहक राहत नाही. वेचून देणार असाल तर पूर्ण लिलावभावाने द्या, सगळं एकत्र देणार असाल तर सूट द्या. दोन्ही एकदम नाही. मोजणी दोघांसमोर, वहीवर खूण करत. नगांच्या क्रमांकासह पावती घ्या.

एका माणसाकडून एका दिवसात किंवा एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घेता येत नाही, त्याचा दंड घेणाऱ्याला बसतो. बँकेतूनच घ्या. चोवीस महिन्यांपेक्षा जास्त काळ बाळगलेल्या मालमत्तेच्या नफ्यावर जुलै २०२४ पासून साडेबारा टक्के दीर्घकालीन कर आहे. १ एप्रिल २००१ आधी घरात आलेल्या वस्तूची त्या दिवशीची बाजारकिंमत खरेदी म्हणून धरता येते. रक्कम मोठी असेल तर विकण्याआधी सीएला वही दाखवा, नंतर नाही. संग्रह वारसाने आलेला असेल तर भाऊ-बहिणी सगळ्यांची लेखी संमती घ्या. बहिणीलाही हक्क आहे, आणि सौदा झाल्यावर निघालेला वाद सौद्यापेक्षा महाग पडतो.

पार्सल करताना प्रत्येक नाणं पुठ्ठ्याच्या चौकटीत पक्कं करा, डबा हलवला तर आवाज येता कामा नये. खोक्यावर 'नाणी' लिहू नका, विमा उतरवा, बंद करतानाचा व्हिडिओ काढून ठेवा.

जे उरेल त्यातले सामान्य नग गावातल्या शाळेला द्या, निजामी पैसा हातात घेऊन इतिहास शिकलेलं मूल तो विसरत नाही. स्थानिक महत्त्वाच्या वस्तूंसाठी संग्रहालयाला विचारा. तेरचं शासकीय संग्रहालय रामलिंगप्पा लामतुरे यांच्या खासगी संग्रहातूनच उभं राहिलं. बाकीचं कागदी पाकिटांत, सिलिका जेलच्या पुडीसह, कोरड्या जागी ठेवा आणि पुडी दर पावसाळ्याआधी बदला.